पडदा हिरवागार, पोरं मात्र बाहेर

पत्र:

ताई, मी लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये सर्व्हर सांभाळते. चार मशीनचा प्रॉक्समॉक्सचा क्लस्टर आहे, म्हणजे चार मशीन एकत्र बांधून त्यांच्या पोटात व्हर्च्युअल (आभासी) मशीन चालवतो. त्यावर आमची ऑनलाइन सराव परीक्षा चालते. आधी तीनच मशीन होती, भक्कमपणा यावा म्हणून गेल्या वर्षी चौथं घेतलं. मागच्या महिन्यात एका रविवारी नीटची मोठी टेस्ट होती. नऊला टेस्ट सुरू झाली आणि पोरांना लॉगिनच होईना. ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं. पालकांचे फोनावर फोन. सर उदगीरला लग्नात होते. त्यांनी तिथूनच मोबाईलवर पॅनल उघडलं आणि डेटाबेसचं मशीन रीस्टार्ट केलं. जी पोरं आत होती तीही बाहेर पडली. नंतर कुणी काय दाबलं ते शोधायला गेले तर सगळीकडं नाव एकच, 'रूट', म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं. दोष माझ्यावर आला. आमचे एक जुने सहकारी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणायलेत, "ही बटणांची खेळणी काढून टाक, कमांड टाइप करायची काळी स्क्रीन शिक." सर म्हणायलेत, "याच्यापेक्षा भारी सॉफ्टवेअर घे, मला सगळं मोबाईलवर पाहिजे." मी कुणाचं ऐकू?
– लातूरहून एक वाचक

उत्तर:

सगळ्यात आधी मला सांग, त्या हिरव्या दिव्यानं खोटं काय सांगितलं? त्याला विचारलं होतं, मशीन चालू आहे का? तो म्हणाला, आहे. प्रोसेसर मोकळा आहे का? आहे. पोरांना आत जाता येतंय का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. घराचं दार आतून बंद आहे आणि आपण खिडकीतून बघून म्हणतोय, दिवा चालू आहे म्हणजे सगळं ठीक. तसंच झालं ते.

इथं बसून पैजेवर सांगता येणार नाही, पण लक्षण ओळखीचं आहे. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस जसा आला तसाच बसवला असेल तर त्याला एका वेळी १५१ जोडण्या चालतात. वर एक जागा ॲडमिनसाठी राखीव. नऊच्या ठोक्याला हजारभर पोरं एकदम आली, जागा भरल्या, पुढच्याला 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणून परत पाठवलं. जो परत पाठवला जातो तो प्रोसेसरला काही ताण देत नाही. म्हणून गर्दी जितकी बाहेर, तितकं मशीन आत निवांत, आणि पडदा हिरवागार. त्या दिवसाचा डेटाबेसचा लॉग उघडून बघ, नऊच्या आसपास हीच ओळ शेकड्यानं असेल तर खात्री झाली. मग नुसता आकडा ५०० करून मोकळी होऊ नकोस, प्रत्येक जोडणी मेमरी खाते. ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये जोडण्यांचा पूल ठेवायला तुमच्या प्रोग्रामरला सांग, म्हणजे थोड्याच जोडण्या सगळ्यांनी आळीपाळीनं वापरायच्या.

म्हणजे पहिलं काम नवं सॉफ्टवेअर घेण्याचं नाहीच. पहिलं काम एक खोटा विद्यार्थी तयार करायचं. त्याला नाव दे, पासवर्ड दे, आणि दर मिनिटाला तो लॉगिन करील, पहिला प्रश्न उघडील, बाहेर पडील अशी सोय कर. झॅबिक्स नावाच्या निगराणीच्या सॉफ्टवेअरमध्ये याला वेब सिनारिओ म्हणतात, फॉर्म भरून होतं. त्याला आत जायला किती सेकंद लागले, तो आकडा तुझ्या पडद्यावर सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा. बाकीचे वीस आलेख त्याच्या खाली.

आता टक्क्यांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण आपण मराठवाड्यातली माणसं टक्के बघण्यात तरबेज आहोत आणि तरी तिथंच फसतो. आमच्याकडं संभाजीनगरात पावसाळा लागला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न, नाथसागर, म्हणजे जायकवाडी, किती झाला? तुमच्याकडं मांजरा. पेपरात चौकट येते, अमुक टक्के. पण कशाचे टक्के? जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी, त्यातला जिवंत साठा २,१७१. चौकटीतले टक्के असतात जिवंत साठ्याचे. म्हणजे शून्य टक्के छापून आलं तरी तळाशी ७३८ दलघमी मृतसाठा असतो. हे इथं शाळकरी पोरालाही माहीत आहे. मग सर्व्हरच्या पॅनलवर '४० टक्के' दिसलं की आपण हाच प्रश्न का विचारत नाही?

तुझ्याच क्लस्टरचं उदाहरण घे. व्हर्च्युअल मशीनच्या आत शिरून बघितलं तर डिस्क ४० टक्के भरलेली. पण ती डिस्क ज्या थिन पूलवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यावर, उभी आहे, त्यातून तू आठ व्हर्च्युअल मशीनला मिळून असेल त्यापेक्षा जास्त जागा कबूल केलेली असते. लग्नात दोनशे पानांचा स्वयंपाक आणि तीनशे पत्रिका, तसं. पूल ९८ टक्क्यांवर गेला तरी आतल्या मशीनला पत्ता नसतो. आणि पूल भरला की सगळ्यांचं लिहिणं एकदम अडतं. आत ४०, तळाशी ९८, दोन्ही आकडे खरे. तुला दुसरा पाहिजे. उलटा प्रकारही आहे. लिनक्समधली ईएक्सटी४ फाइल सिस्टीम साधारण ५ टक्के जागा रूटसाठी मागं ठेवते. दोन टीबीच्या डिस्कवर ते १०० जीबी होतात. डिस्क शंभर टक्के दाखवते, ॲप रडतं, आणि रूट म्हणून तू शिरलीस की लिहिता येतं. तोच मृतसाठा. मेमरीचंही तसंच. 'फ्री' जवळजवळ शून्य बघून घाबरून सरांना फोन करू नकोस. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. बघायचा तो 'अव्हेलेबल'चा आकडा.

आणि नुसते टक्के बघून काय उपयोग? धरणावरचा माणूस आधी आवक बघतो. नाशिककडून किती क्युसेकनं पाणी येतंय, त्यावर दरवाजे किती उचलायचे ते ठरतं. मांजरा उतरत चाललंय हे २०१५ साली सगळ्या लातूरला दिसत होतं, तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलीच. तुझा इशारा '९० टक्के झालं' असा असेल तर तो मृतसाठ्याची वाट बघणारा इशारा आहे. 'याच वेगानं चाललं तर तीन दिवसांत भरेल' असा लाव. झॅबिक्सला आणि त्याच कामाच्या प्रॉमिथियसला, दोघांनाही मागच्या काही तासांच्या चढावरून पुढचा अंदाज काढता येतो.

सरासरीचा आणखी एक घोळ असतो. प्रॉक्समॉक्सच्या आलेखावर उजवीकडं वर एक छोटी निवड असते, तास किंवा दिवस, सरासरी किंवा कमाल. नऊ वाजून दोन मिनिटांचा कळस दिवसाच्या सरासरीत टाकला की वारुळाएवढा उंचवटा राहतो. आता त्या रविवारचा आलेख परत उघड आणि 'कमाल' लावून बघ. (ज्या दिवशी आग लागते त्या दिवशी कुणी ही निवड बदलत नाही, मीही बदलली नव्हती. तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

आता सरांचं. त्यांच्यावर चिडू नकोस. लग्नाच्या मांडवात उभं राहून पालकांचे फोन घेणाऱ्या माणसाच्या हातात एकच बटण असेल तर तो ते दाबणारच. चूक बटण त्यांच्या हातात असण्याची आहे. प्रॉक्समॉक्सच्या त्या यादीत शटडाऊन, रीबूट, स्टॉप, रीसेट अशी सगळी भावंडं एका खाली एक बसलेली असतात. शटडाऊन म्हणजे आतल्या सिस्टीमला 'आवरून घे' असा निरोप. स्टॉप म्हणजे वायर उपटणं. चालत्या डेटाबेसखालून वायर उपटली की उठताना तो आधी आपली अर्धवट कामं निस्तरत बसतो, तोवर बाहेरची पोरं बाहेरच. मोबाईलच्या पडद्यावर या दोन बटणांत बोटभरही अंतर नसतं.

उद्याच्या उद्या सगळ्यांचा रूट बंद कर. प्रत्येकाला स्वतःचं नाव, दोन टप्प्यांचं लॉगिन. सरांना 'पीव्हीईऑडिटर' ही भूमिका दे. तिच्यात सगळं दिसतं, काहीच बदलत नाही. मामांना आणि तुला ॲडमिन. रूटचा पासवर्ड पाकिटात घालून कपाटात. खाली टास्कची यादी असते ना, तिथं मग कुणी, किती वाजता, काय केलं ते नावानिशी दिसेल. दोष कुणावर याची भांडणं निम्मी तिथंच मिटतात.

सरांना हे सांगताना 'तुमचे अधिकार काढले' अशा सुरात सांगू नकोस, कुठलाही मालक ते ऐकून घेणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा पडदा कर, आलेख दाखवणाऱ्या ग्राफाना या सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यावर पाचच गोष्टी ठेव: आत्ता किती पोरं आत आहेत, लॉगिनला किती सेकंद लागतायत, किती पेपर जमा झाले, शेवटचा बॅकअप कधीचा, आणि सर्व्हर रूमचं तापमान. सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रोसेसरचे रंगीत डोंगर त्यांना दाखवू नकोस, त्यांना ते कळत नाहीत असं नाही, त्यांना त्यांची गरज नाही. सरांना हवी होती बातमी, त्यांना दिली गेली स्विचांची पाटी. बातमी मिळाली की स्विच कुणी मागत नाही, असा माझा अनुभव आहे. तरी मागितलाच तर म्हण, "सर, तुमच्या मोबाईलवर माझा नंबर पहिला ठेवा, मी दोन मिनिटांत उचलते." आणि मग खरंच उचल.

मामांचं अर्धं बरोबर आहे. ते 'खेळणी' म्हणतात तेवढं चूक. प्रॉक्समॉक्सचं वेब पॅनल स्वतः काहीच करत नाही, ते आतल्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांच्या निरोपाच्या खिडकीला, निरोप देतं. मामांची काळ्या स्क्रीनवरची 'पीव्हीईएसएच' ही कमांड तेच करते. दोघे एकाच दारातून जातात, एक चप्पल घालून आणि एक अनवाणी. मामांना विचार, चार मशीनचा गेल्या आठवड्याचा मेमरीचा कल काळ्या स्क्रीनवर किती वेळात सांगाल? तिथं डोळ्याला चित्रच लागतं. पण तुलाही विचारते, पॅनलच उघडलं नाही तर काय करशील? आणि ते उघडत नाही नेमकं त्याच दिवशी, ज्या दिवशी लागतं. तेव्हा मामांकडून चार गोष्टी शिकून घे: एसएसएचनं दुरून मशीनच्या आत जाणं, जर्नलमधल्या (सिस्टीमच्या नोंदवहीतल्या) चुका वाचणं, कोणता पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) कुणी अडवलाय ते बघणं, आणि क्लस्टरची हालत सांगणारी 'पीव्हीईसीएम स्टेटस' ही कमांड. महिनाभर रोज चहानंतर अर्धा तास. मामांना शिकवायला आवडेल, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

त्या 'पीव्हीईसीएम स्टेटस'मध्ये तुला कोरम दिसेल. गावाकडं ग्रामसभा बघितलीस ना? कोरम भरला नाही की सभा तहकूब, ठराव नाही. क्लस्टरचंही तेच. चार मशीनमध्ये बहुमत म्हणजे तीन. मधला स्विच बिघडून दोन इकडं आणि दोन तिकडं झाली तर कुठल्याच बाजूला तीन नाहीत. मग सेटिंग बदलता येत नाहीत, बंद पडलेलं मशीन सुरू करायला गेलं की कोरम नाही असं उत्तर येतं. एचए (एक मशीन पडलं की त्याचं काम दुसऱ्यानं आपोआप उचलायची सोय) लावलेलं असेल तर ती मशीन साधारण मिनिटाभरात स्वतःला रीबूट करून घेतात. हे वेडेपणाचं वाटतं, पण दोन्ही बाजूंनी एकाच डेटाबेसवर लिहायला सुरुवात केली तर त्याहून वाईट. आता तुझं ते चौथं मशीन. त्यानं ताकद वाढली, भक्कमपणा वाढला नाही. तीनमध्ये एक पडलं तर चालतं, चारमध्येही एकच पडलेलं चालतं. ज्यानं विकलं त्यानं हे सांगितलं नसणार. मशीन परत करायची गरज नाही. एखादा जुना डेस्कटॉप घे आणि त्यावर क्यूडिव्हाइस बसव. तो काम काही करत नाही, फक्त हात वर करतो, त्यामुळं मतं पाच होतात.

तोच डेस्कटॉप तुझ्या निगराणीलाही वापर. निगराणीचं सॉफ्टवेअर त्याच क्लस्टरमधल्या एका व्हर्च्युअल मशीनवर ठेवलेलं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. विहिरीत पडलेल्या माणसानंच वर येऊन सांगायचं, मी पडलोय. निगराणी बाहेर पाहिजे, वेगळ्या इन्व्हर्टरवर पाहिजे, आणि तिच्याजवळ इंटरनेटला मोबाईलचं डोंगल पाहिजे.

सॉफ्टवेअर कोणतं, हा विषय सरांनी काढलाय म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी शेवटी ठेवते. एकटीनं चार मशीन सांभाळायची तर झॅबिक्स. फुकट आहे, लॅटव्हियात जन्मलंय, २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, आणि आलेख, इशारे, वापरकर्ते सगळं एकाच ठिकाणी फॉर्म भरून होतं. प्रॉक्समॉक्ससाठी तयार टेम्प्लेट मिळतं, आणि सरांच्या त्या ग्राफानाला यातूनच आकडे देता येतात. बसवल्याबरोबर 'ॲडमिन' आणि 'झॅबिक्स' हा जगाला माहीत असलेला जोड बदल. प्रॉमिथियस मला जास्त आवडतं, साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालं तेव्हापासून ते फार नेटकं वाढलंय. पण त्यात इशाऱ्यांच्या फाइली हातानं लिहायच्या, चित्रांसाठी ग्राफाना जोडायचं, निरोपांसाठी अलर्टमॅनेजर वेगळा. ते पुढच्या वर्षी. (आणि तेव्हा कॉकपिट हे लिनक्सचं वेब पॅनल आधीच बसवलेलं असेल तर लक्षात ठेव, दोघांचाही ठरलेला पोर्ट ९०९०. अर्धी दुपार तिथं जाते.) जुन्या मंडळींपैकी कुणी निगराणीसाठी गँग्लिया सुचवेल. शास्त्रीय आकडेमोडीच्या शेकडो मशीनच्या क्लस्टरसाठी बर्कलेत तयार झालेलं ते सुंदर काम आहे. त्याचा पोर्ट ८६४९. साध्या फोनच्या बटणांवर या आकड्यांवरची अक्षरं बघ, 'युनिक्स' वाचता येतं. पण तुला ते आज नको.

इशारे कमी ठेव. एकदा स्विच गेला आणि टेलिग्रामवर चाळीस निरोप आले की एक्केचाळिसावा कुणी वाचत नाही. रात्री उठवायचं ते फक्त खोटा विद्यार्थी सलग तीनदा आत जाऊ शकला नाही तर, वीज गेली तर आणि तापमान चढलं तर. बाकी सगळं सकाळी.

तापमानाची गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश. वीज जाते, यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, आपण खूश. पण एसी यूपीएसवर नसतो. बंद खोलीत चार मशीन गरम हवा ओकत राहतात. पडद्यावर सगळं हिरवं, कारण सगळं खरंच चालू असतं. सर्व्हरमध्ये आत घेतल्या जाणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही शिफारस आहे. सर्व्हरच्या बीएमसीतून, म्हणजे त्यावरच्या देखरेखीच्या वेगळ्या चिपमधून, हा आकडा मिळतो, ऑपरेटिंग सिस्टीम बंद असली तरी मिळतो. ३० ला तुला निरोप, ३५ ला यंत्रणेनं आपणहून आवरायला सुरुवात. आधी सरावाच्या जुन्या प्रती आणि चाचणीची मशीन, मग ॲप, सगळ्यात शेवटी डेटाबेस. यूपीएसची बॅटरी उतरली की हाच क्रम. 'नट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर यूपीएसशी बोलून हे करतं.

एक शेवटची धास्ती. सरांनी उदगीरहून पॅनल उघडलं म्हणजे पॅनलचा ८००६ पोर्ट बहुतेक सरळ इंटरनेटवर उघडा आहे. तो आजच बंद कर, वायरगार्ड हे व्हीपीएन (खाजगी बोगदा) बसव, बाहेरून यायचं त्यानं त्यातून यावं. उघड्या पॅनलचं काय होतं ते बघ. वेबमिन हे १९९७ पासूनचं चांगलं, भरवशाचं सर्व्हरचं पॅनल. २०१८ मध्ये त्यांच्या बिल्ड सर्व्हरवर (जिथं नवी आवृत्ती तयार होते) कुणीतरी शिरून चोरदरवाजा ठेवला, आणि २०१९ च्या ऑगस्टपर्यंत तो कुणाला दिसला नाही. १.८९० ही आवृत्ती तर नुसती बसवली तरी उघडी होती. ज्यांचं पॅनल बाहेरच्या जगाला दिसतच नव्हतं, ते त्या रात्री झोपले.

हे सगळं लावून झालं की एक बुधवार ठरव, टेस्ट नसेल असा. सरांना आदल्या दिवशी सांग, त्यांच्यासमोर कर. दुपारी तीनला एका मशीनची नेटवर्कची वायर काढ आणि घड्याळ लाव. पहिला निरोप किती मिनिटांनी आला, कुणाला आला, सरांच्या पडद्यावर काय दिसलं, लिहून ठेव. मग वायर लाव, सगळं जागेवर आलं की डेटाबेसच्या जोडण्या मुद्दाम दहावर आणून पोरांसारखी गर्दी कर. यावेळी पडदा लाल झाला पाहिजे. नाही झाला तर मला परत लिही, काय मोजायचं राहिलं ते बघू. आणि त्या बुधवारी मामांना सुट्टी घेऊ देऊ नकोस.